तारचाक : अभिजात स्पोर्ट्स मोटारींची चाके आणि टायर

तारचाक म्हणजे ज्यात हब (मधला तुंबा) आणि रिम (बाहेरचे कडे) ताणलेल्या पोलादी तारांनी, म्हणजेच स्पोकनी, जोडलेले असतात असे चाक. १९१० ते १९७० या सहा दशकांतील, विशेषतः ब्रिटिश व इटालियन, स्पोर्ट्स मोटारींची ती ओळख होती. जॅग्वार ई-टाइप, एमजीबी, ऑस्टिन-हीली आणि फेरारीची अनेक मॉडेले या प्रकारात मोडतात. अशा मोटारीसाठी चाके व टायर निवडण्याचा प्रश्न तारचाकाच्या रचनेशी इतका बांधलेला आहे की दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

बैलगाडीच्या चाकात तुंब्याचा भार खालच्या लाकडी आऱ्यांवर उभा असतो आणि तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना आवळत जाऊन आऱ्यांना आणखी दाबते. तारचाकात बारीक तार दाब सोसू शकत नाही, ती वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. हब वरच्या तारांना लटकलेला असतो असे जुन्या पुस्तकांत सर्रास लिहिलेले आढळते. मोजमाप मात्र वेगळे सांगते : भार आल्यावर वरच्या तारांचा ताण फारसा वाढत नाही, जमिनीलगतच्या थोड्या तारांचा ताण लक्षणीय घटतो, आणि ताणातील ही घट म्हणजेच यांत्रिकदृष्ट्या भार पेलणे होय. व्यवहारात याचा अर्थ असा की ढिली तार भार उचलत नाही, आपला वाटा शेजारच्या तारेवर टाकते आणि मग ती शेजारची तार तुटते.

या कल्पनेचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. सर जॉर्ज केली या ब्रिटिश संशोधकाने १८०८ मध्ये आपल्या टिपणवहीत उडत्या यंत्राच्या हलक्या चाकासाठी ताणलेल्या दोऱ्यांची योजना मांडली होती. ती टिपणातच राहिली. ब्रिटिश लेखनात हा मान बराच काळ कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली याला दिला गेला. त्याने विल्यम हिलमनसह १८७० मध्ये तारचाकांच्या सायकलीचे पेटंट घेतले आणि १८७४ मध्ये हबला स्पर्शरेषेत जाणाऱ्या तारांची पद्धत आणली. मात्र पॅरिसच्या यूजेन मेयर याचे फ्रेंच पेटंट १८६९ चे आहे आणि अलीकडील सायकल-इतिहासकारांचा कल त्याच्याकडे दिसतो. प्रत्येक तार स्वतंत्रपणे ताणण्याची सोय हा निकष धरला, तर हा कल योग्य वाटतो. मोटारीच्या दृष्टीने स्टार्लीची स्पर्शरेषीय मांडणी अधिक मोलाची ठरली, कारण इंजिनाचा पीळ आणि ब्रेकची ओढ अरीय, म्हणजे हबच्या मध्यातून सरळ बाहेर जाणाऱ्या, तारा नीट पोचवू शकत नाहीत.

सायकलीचे चाक मोटारीला लावताच त्याचा बाजूच्या धक्क्यांपुढील कमकुवतपणा उघड झाला, कारण वळणावर सायकल कलते, मोटार कलत नाही. त्यावर टिकाऊ तोड काढली ती रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीतील जॉन पू याने, साधारणपणे १९०७-०८ च्या सुमारास. त्याच्या चाकात तारांच्या तीन रांगा होत्या : आतल्या दोन स्पर्शरेषीय रांगा पीळ व ब्रेक सांभाळत, तर बाहेरची अरीय रांग वळणाचा जोर घेई. चाकाचा खोलगट हब मोटारीच्या दातेरी हबवर सरकवून मधोमध एकाच मोठ्या नटाने आवळला जाई. त्यामुळे चाक बदलायला फारच थोडा वेळ लागे, आणि हा फायदा इतका मोठा मानला गेला की १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्री या मोटार शर्यतीत अशा सुट्या चाकांना परवानगी मिळाली नाही. नेपियर या ब्रिटिश मोटार कंपनीचा संघ त्याच कारणाने बाहेर राहिला. मिलानच्या बोरानी कंपनीने १९२२ पासून रजच्या परवान्याने ही चाके बनवली. तिची अॅल्युमिनियम रिमची चाके पुढे फेरारीवर आली.

मधल्या नटाच्या आट्यांची दिशा हा निवडीच्या वेळी दुर्लक्षित राहणारा, पण सर्वांत धोक्याचा तपशील आहे. मोटारीच्या डाव्या बाजूच्या हबवर नेहमीचे उजवे आटे असतात आणि उजव्या बाजूच्या हबवर डावे. चाक पुढे ज्या दिशेने फिरते त्या दिशेने नट सुटतो, उलट दिशेने आवळला जातो. ब्रेक लावताना किंवा वेग वाढवताना नटाच्या जडत्वामुळे तो आवळतो, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते पटण्यासारखे नाही : ब्रेकची ओढ इंजिनाच्या ओढीपेक्षा तीव्र असते आणि त्या हिशेबाने नट सुटायला हवा. नटाच्या आतला शंकू चाकाच्या तोंडावरील किंचित लहान शंकूवर बसतो आणि भाराखाली प्रत्येक फेऱ्यात त्यावरून केसभर लोळत मागे सरकतो, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य आहे. एका बाजूचे हब चुकून दुसऱ्या बाजूला बसवल्यास हीच क्रिया नट सोडवू लागते. ठोकण्यासाठी पंखांसारखे कान असलेला हा मधला नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोकून बसवतात. अमेरिकेत १९६८ पासून पंखवाल्या नटांवर बंदी आल्यावर निर्यातीच्या मोटारींवर अष्टकोनी नट आले.

चाक निवडताना तारांची संख्या आणि रिमची रुंदी पाहतात. एमजीबीच्या मूळ चाकाला ६० तारा असून रिम १४ इंच व्यासाची, साडेचार इंच रुंद आहे. ई-टाइपला ७२ तारा व १५ इंची, ५ इंच रुंद रिम आहे. टायर रुंद केला की वळणावरची पकड वाढते आणि तितकाच तारांवरचा जोरही. त्यामुळे ६० तारांच्या चाकावर फार रुंद टायर चढवणे शहाणपणाचे नाही. वापरलेले चाक घेताना एका पेचकसाने प्रत्येक तारेवर हलके टकटक करावे : ताणलेली तार टणत्कारते, ढिली तार भदभद वाजते. सायकलच्या दुकानात चाकाची ‘आउट’ काढतात तशी याही चाकाची काढता येते, पण हबच्या आतले झिजलेले दाते मात्र दुरुस्त होत नाहीत. नव्या दात्याचा माथा सपाट असतो. तो करवतीसारखा टोकदार झाला असेल, तर चाक टाकून द्यावे आणि मोटारीवरचा हबही तपासावा. गाडी सुरू करताना व थांबवताना ‘टक्’ असा आवाज येणे हे त्याच झिजेचे लक्षण.

टायरच्या बाबतीत पहिला निर्णय क्रॉस-प्लाय (आतल्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदणारा) की रेडियल (धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारा) हा असतो. मिशलँ या फ्रेंच कंपनीने रेडियल टायरचे पेटंट १९४६ मध्ये घेतले, तरी स्पोर्ट्स मोटारींवर तो रुळायला १९६० चे दशक उजाडले. संक्रमणकाळातील मोटारींना दोन्ही मापे मिळतात. ई-टाइप प्रथम ६.४०-१५ (टायरची रुंदी व रिमचा व्यास, दोन्ही इंचांत) क्रॉस-प्लाय टायरवर आली व पुढे १८५-१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये) रेडियलवर गेली. युद्धपूर्व मोटारीला क्रॉस-प्लायच शोभतो व सोसतो. १९६० नंतरच्या मोटारीला रेडियल घ्यावा, असे बहुतेक जाणकार मानतात. एकाच आसावर दोन्ही प्रकार मिसळू नयेत. नाइलाज झाल्यास रेडियल मागच्या आसावर असावेत.

जुन्या रेडियलवर टायरच्या बाजूच्या उंचीचे रुंदीशी प्रमाण छापलेले नसते. ते रुंदीच्या सुमारे ८० टक्के धरतात. एमजीबीचा १६५-१४ टायर त्यानुसार सुमारे ६२० मिलिमीटर व्यासाचा होतो. त्याऐवजी आधुनिक १८५/६०-१४ (६० म्हणजे उंची रुंदीच्या ६० टक्के) बसवला तर व्यास ५७८ वर येतो, इंजिन त्याच वेगाला सुमारे सात टक्के जास्त फिरते आणि वेगमापक तितकाच फुगवून दाखवतो. चाकाच्या कमानीत उरणारी पोकळी डोळ्यालाही खुपते. टायरवरचे कमाल वेगाचे अक्षरही पाहावे : एस १८० किमी, एच २१०, तर जुने व्हीआर हे २१० च्या वरचे.

तारा रिमच्या आरपार जाऊन निपलने (तारेच्या टोकावरच्या आटेदार टोपीने) आवळलेल्या असल्याने मूळ चाकात ट्यूब लागतेच. निपलची टोके घासून सपाट करून त्यावर रबरी पट्टा चढवतात, अन्यथा ट्यूब आतूनच पंक्चर होते. सिलिकोनने सील केलेली ट्यूबलेस तारचाके आता मिळतात. मात्र जुन्या रिमला टायरची कड रोखून धरणारा उंचवटा नसतो, म्हणून तीवर नुसते सील करून ट्यूब काढून टाकणे योग्य नव्हे.

भारतात अँबॅसडरमुळे ५.९०-१५ हा क्रॉस-प्लाय टायर दीर्घकाळ सहज मिळत असे. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीच्या १५ इंची चाकावर तो चढतो, पण मूळ ५.६०-१५ पेक्षा तो मोठा असून संथ गाडीसाठी घडवलेला आहे. मुंबईसारख्या किनारी हवेत क्रोमच्या तारा निपलपाशी आधी गंजतात. रंगवलेले चाक तिथे अधिक टिकते. संग्रहातील गाड्या वर्षात थोडेच किलोमीटर धावत असल्याने टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारे होते. २००० नंतरच्या टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक तो बनल्याचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढील टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदलण्याची शिफारस बहुतेक उत्पादक करतात, आणि ज्या जुन्या टायरवर हा अंकच नाही किंवा तो तीनच अंकी आहे, तो २००० पूर्वीचा समजून उतरवावा.