ठिय्यावरची माणसं आणि मनपाची तिजोरी

सकाळी आठच्या सुमारास नागपुरातल्या एखाद्या ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात त्या नाक्यावर, थांबून बघा. थापी-ओळंबा पिशवीत घातलेले मिस्त्री, डबा हाताला अडकवलेल्या रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया, कित्येकांची बोली छत्तीसगढी नाहीतर बालाघाटकडची. मुकादम गाडीवरून न उतरताच चौघांकडे बोट दाखवतो, भाव ठरतो, माणसं निघतात. ज्या सिमेंट रस्त्यावर ती दिवसभर घमेली उचलणार तो मनपाचा. पण मनपाच्या दप्तरात त्यांची नावं सापडणं कठीण. हे असं का झालं याचं निम्मं उत्तर तिजोरीत आहे.

नागपूरची नगरपालिका १८६४ ची, महानगरपालिका १९५१ ची. तिचा मोठा आधार जकात. नाक्यावर ट्रक थांबायचा, पैसा रोज जमा व्हायचा. व्यापाऱ्यांना तो जाच वाटायचा आणि चिरीमिरीच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या, पण पैसा घरचा होता. १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला, म्हणजे जवळजवळ गेलाच. उरलासुरला १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला. बदल्यात राज्य नुकसानभरपाई देतं, तीत दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. घरचं म्हणावं असं मोठं उत्पन्न आता मुख्यतः मालमत्ता कराचं.

मोठ्या कामांचा पैसा वेगळ्याच वाटेने येतो. २००५ अखेरीस सुरू झालेल्या जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेपासून ‘हिस्सा’ हा शब्द मनपात रुळला: इतका केंद्राचा, इतका राज्याचा, उरलेला आपला. सिमेंट रस्त्यांतही मनपा, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आणि राज्य शासन असे वाटेकरी होते. एकाचा हिस्सा अडकला की देयक अडकतं. ठिय्यावरचा मजूर संध्याकाळी रोख मागतो. गावाहून उचल देऊन आणलेली टोळी मागत नाही, तिचा हिशेब थेट पोळ्याला नाहीतर दिवाळीला. बिल तुंबलेल्या ठेकेदाराला कोण परवडेल हे वेगळं सांगायला नको. मजूरभरतीतला अन्याय निव्वळ ठेकेदाराच्या दानतीवर ढकलणं म्हणूनच मला पटत नाही.

कायदे होतेच की. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार मजुरी वाटताना मूळ मालकाचा, म्हणजे इथे मनपाचा, माणूस समोर हवा; ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मनपाने द्यायची आणि त्याच्या बिलातून वळती करायची. उत्तम तरतूद. पण कायदा लागू व्हायला २० कंत्राटी मजूर लागत, महाराष्ट्राने ती अट ५० वर नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आकडा ५० च आहे. गल्लीतल्या नालीला ५० माणसं कोण लावतं?

मजुरांनाच ठेकेदार करावं, हाही प्रयोग झाला. राज्यात लहान कामांच्या वाटपाचं ३३:३३:३४ हे सूत्र त्यातलं: मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार. कल्पना चांगली होती. पुढे कित्येक मजूर संस्थांच्या सभासद यादीत ज्यांनी कधी फावडं धरलं नाही अशीच नावं निघाली.

गंमत म्हणजे नागपूरचा नोकरदार १९७५ पासून जो व्यवसाय कर भरतो, पगाराप्रमाणे वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत, तो रोजगार हमीसाठीच लावला गेला. त्या पैशातून खेड्यात मागेल त्याला काम देण्याचा कायदा झाला. शहरातल्या ठिय्याला तसली हमी नाही.

राहिला उपकर. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी बांधकाम खर्चाच्या १ टक्का रक्कम मजुरांच्या कल्याणासाठी बाजूला काढायला लावली. सरकारी कामात ती बिलातूनच कापून घेतात, चुकायचा प्रश्नच नाही. त्यातून मजुराच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू शकते, घरी भांड्यांचा संचही येतो. मात्र त्यासाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला. महिन्यात सहा ठेकेदारांकडे काम केलेल्या रेजाला त्यांतला एकच जण नावाने ओळखतो, तो मुकादम. आणि दाखल्यावर त्याची सही चालत नाही.