छिद्रे दोघांनाही असतात: काळा दगड आणि जांभा

कोकणातल्या घराच्या चिऱ्याकडे, म्हणजे तांबड्या जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्याकडे, बोट दाखवून “हा लाव्हा थंड होऊन झालेला दगड आहे, वायूचे बुडबुडे निघून गेल्याची भोकेसुद्धा दिसतात” असे कोणी सांगू लागले, की त्याला तिथेच थांबवावे असे मला वाटते. हे वर्णन खरे आहे, पण ते काळ्या दगडाचे, म्हणजे बेसाल्टचे आहे. जांभ्याला ते लागू केले की त्या दगडाचा सारा इतिहासच उलटा होतो.

काळा दगड महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. ते आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापून आहे. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली आहेत, घरातले जाते आणि पाटा-वरवंटा त्याचाच, रस्त्याची आणि काँक्रीटची खडीही त्याचीच. एक काळा आणि दुसरा तांबडा, हा रंगाचा फरक तर लहान मुलालाही दिसतो. मात्र घाटात लाव्हाच्या दोन थरांमध्ये दिसणारा तांबडा मातकट पट्टा जांभा नव्हे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

खरी गफलत छिद्रांवरून होते. लाव्हा थिजत असताना त्यात कोंडलेल्या वायूमुळे बेसाल्टच्या थरात, विशेषतः त्याच्या वरच्या भागात, पोकळ्या राहतात. त्या बहुधा गोल किंवा लांबट असतात, त्यांच्या कडा नितळ असतात आणि सहसा एकीचा दुसरीशी संबंध नसतो. पुढे त्यांत पाणी झिरपून झिओलाइटसारखी खनिजे जमतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडलेले निळे कॅव्हन्साइट हे खनिज अशाच पोकळ्यांतले. जांभ्याची छिद्रे अगदी निराळी असतात. ती वेडीवाकडी, नळ्यांसारखी, एकमेकींत शिरलेली असतात, आणि ताज्या चिऱ्यात त्यांतून पिवळी किंवा पांढरट माती भरलेली दिसते. तिथे वायू कधीच नव्हता. दगडातले जे विरघळून आणि धुऊन गेले, त्याची ती रिकामी जागा आहे. चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओतावे, तो ते पिऊन टाकतो.

म्हणजे बेसाल्ट थंड होऊन घडतो, आणि जांभा बाकीचे सारे निघून गेल्यावर उरतो. उष्ण हवा, भरपूर पाऊस, पाण्याचा चांगला निचरा आणि पावसाळ्यामागून येणारा कोरडा काळ हे सारे दीर्घकाळ जुळून आले, की खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातात, सिलिकाही बरीचशी जाते, आणि सहजासहजी न विरघळणारी लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात. लोह हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून तांबडे-पिवळे होते आणि हळूहळू सगळ्याला सांधून टाकते. लोहाऐवजी ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले तर त्यालाच आपण बॉक्साइट म्हणतो. देशावरच्या कोरड्या हवेत, निचरा कमी असलेल्या सखल भागात, याच बेसाल्टची काळी कापसाची जमीन होते.

“बेसाल्टचे रूपांतर होऊन जांभा होतो, म्हणून तो रूपांतरित खडक” हे विधान मला सर्वांत जास्त खटकते. रूपांतरित खडक जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने होतात, तर जांभा उघड्या पृष्ठभागावर पावसाच्या पाण्याने होतो. रूपांतर या शब्दाचा रोजचा अर्थ इथे घात करतो. वाहून आणलेल्या गाळाचे थर साचून झालेला नसल्यामुळे त्याला स्तरित खडकही म्हणता येत नाही. अवशिष्ट खडक हेच त्याचे योग्य नाव. आणि लाव्हाशी त्याचे नाते अटळ नाही, याचा पुरावा गोव्यातच आहे. ईशान्येकडचा काठ सोडला तर गोव्यात बेसाल्ट नाही, दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुने खडक आहेत, आणि तरीही सारा गोवा जांभ्याने भरलेला आहे. स्कॉटिश वैद्य आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून याला लॅटराइट हे नाव दिले, तेही केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडावरून. तिथेही बेसाल्ट नाही.

कातळ हा शब्दही गोंधळात भर घालतो. देशावर कातळ म्हटले की काळा दगड समजतात. रत्नागिरीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरचा, कातळ मात्र जांभ्याचा, आणि तिथली कातळशिल्पे त्यावरच खोदलेली आहेत.

वापराचा प्रश्न येतो तेव्हा हा फरक पैशांत मोजावा लागतो. ताजा जांभा ओलसर आणि मऊ असल्यामुळे त्याचे चिरे सहज कापता येतात. ते उघड्यावर वाळले की टणक होतात. ओला चिरा घाईने भिंतीत बसवू नये, आणि ज्यात पिवळी माती फार आहे तो घेऊच नये. बाहेरची भिंत उघडी ठेवायची हौस असेल, तर पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढे छप्पर पुढे काढावे. नाहीतर चुन्याचा गिलावा करावा. चिऱ्यावर तैलरंग फासण्याचा तर मी सरळ विरोधच करतो, कारण आत शिरलेले पाणी मग बाहेर पडू शकत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या जांभ्याच्या भिंतींवरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून त्या भिंती दर पावसाळ्यात भिजून झिजत आहेत. त्याच चर्चच्या दर्शनी भागावरचे बारीक कोरीव काम मात्र वसईहून आणलेल्या काळ्या दगडात केलेले आहे, कारण जांभ्याच्या नळ्यांमधून इतकी नाजूक रेघ कोणत्याही छिन्नीला ओढता आली नसती.