हजार सीसीची रॅली आणि हलकी होणारी मागची चाकं

ब्रिटनमध्ये रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन 17व्या वर्षी मिळतं, पण तिथली 14 वर्षांची मुलंमुली हजार सीसीच्या छोट्या गाड्या घेऊन रॅलीत, म्हणजे घड्याळाशी लावलेल्या मोटारशर्यतीत, उतरतात. हे सांगितलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. एवढ्याशा पोरांच्या हातात गाडी? आणि हजार सीसीत कसली आलीय रॅली?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. या ज्युनियर स्पर्धा वाहतुकीच्या रस्त्यांवर होत नाहीत. जुन्या धावपट्ट्या, रेसिंग सर्किटची आवारं अशा बंदिस्त जागी त्या होतात. गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो आणि शेजारी पुढच्या वळणांच्या नोट्स वाचून दाखवणारा अनुभवी सह-चालक.

दुसऱ्या प्रश्नामागे मात्र एक पक्का गैरसमज आहे, की इंजिन लहान म्हणजे काम सोपं. या वर्गात सित्रोएन सी1, प्यूजो 107, टोयोटा आयगो अशा गाड्या दिसतात. तिन्ही सख्ख्या बहिणी, चेक प्रजासत्ताकातल्या कोलीनच्या एकाच कारखान्यातल्या. इंजिन 998 सीसी, तीन सिलिंडर, ताकद 68 हॉर्सपॉवर. आपल्या अल्टो के10 चं इंजिनही एवढंच.

आता हिशेब करू. दोन माणसांसकट गाडी 1000 किलो आणि चाकांपर्यंत पोचणारी ताकद 40 किलोवॅट धरा. वळणातून एक मुलगी ताशी 80 किलोमीटरने बाहेर पडली, दुसरी 70 ने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ते दहा किलोमीटर परत मिळवायला दुसरीला जवळपास दीड सेकंद लागतो. हवेचा विरोध सोडून दिला, तर पुढच्या 100 मीटरमध्ये ती साधारण 0.35 सेकंद मागे पडते. ताकद तिप्पट असती तर हाच तोटा 0.2 सेकंदावर आला असता. मोठं इंजिन चूक झाकतं. लहान इंजिन प्रत्येक चुकीची पुरेपूर किंमत वसूल करतं, म्हणूनच शिकायला ते उत्तम.

म्हणजे वळणात वेग टिकवायचा. पण या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. ओढायचं, वळायचं आणि बहुतांश ब्रेक लावायचा, सगळं पुढच्या दोन टायरांच्या माथी. जास्त वेगात स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळायचं सोडून नाकासमोर घसरत जाते. तिला वळवायची युक्ती मागच्या चाकांत दडलेली आहे, आणि मला या खेळात सर्वात जास्त मोहवणारी गोष्ट हीच.

ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, कारण भार पुढे सरकतो. किती? वस्तुमान गुणिले मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. सी1 मध्ये हे अंतर 2.34 मीटर आहे. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि मंदन 0.6 जी (म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या 0.6 पट) धरलं, तर सुमारे 128 किलोचा भार मागून पुढे जातो. मागच्या चाकांवर आधी 380 किलो असतील, तर उरतात जेमतेम 250. टायरची पकड त्यावरच्या भारावर अवलंबून, म्हणजे मागची पकड एक तृतीयांशाने घटली. पण गाडीचं वस्तुमान जागेवरच आहे, त्यामुळे मागचा भाग वळणात धरून ठेवायला लागणारं बल तेवढंच राहतं. काम तेवढंच आणि कुवत कमी. मग शेपूट बाहेर सरकते आणि नाक आपोआप वळणात शिरतं. नेमक्या त्या क्षणी आतल्या बाजूचं मागचं चाक जमीन सोडून हवेत गेलेलं दिसतं.

यापुढची पायरी डाव्या पायाच्या ब्रेकची. उजवा पाय अॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबायचा. पुढच्या चाकांवर इंजिनची ओढ आणि ब्रेक एकमेकांना बरेचसे खोडतात, त्यामुळे ब्रेकचा परिणाम उरतो मुख्यतः मागे. टायरची पकड लांबीच्या आणि आडव्या दिशेत वर्गांच्या नियमाने वाटली जाते. 60 टक्के ब्रेकला दिली तर वळायला 40 नव्हे, 80 टक्के उरते, कारण 0.6 चा वर्ग अधिक 0.8 चा वर्ग म्हणजे 1. म्हणजे पुढची चाकं जवळपास पूर्ण पकड वळण्यासाठी वापरतात आणि मागच्यांची थोडी कापली जाते. एकूण मंदन कमी असल्याने भारही कमी सरकतो हे खरं, पण डाव्या पायाच्या दाबाने शेपूट किती सोडायची हे बारकाईने ठरवता येतं.

अशा कौशल्याला लोक चटकन ‘रक्तातच होतं’ म्हणतात. फिनलंडचा काल्ले रोवानपेरा 2022 मध्ये 22 वर्षे 1 दिवसाचा असताना जगज्जेता झाला. त्याआधीचा सर्वात तरुण विजेता कॉलिन मॅक्रे 27 वर्षांचा होता. काल्लेचे वडील हार्री जागतिक स्तरावरचे रॅलीपटू, त्यामुळे रक्ताची गोष्ट खपतेही. पण तो आठ वर्षांचा असतानाच जुनी टोयोटा स्टार्लेट सफाईने घसरवत होता. रॅलीपटूच्या घरात मुलाला लवकर मिळते ती गाडी, मोकळी जागा आणि शिकवणारा माणूस. याला नशीब म्हणा हवं तर, पण डावा पाय तरबेज होतो तो सरावानेच.

हे शिकायला एखाद्या स्पर्धेने भागत नाही, अख्खा मोसम लागतो, याचं कारणही भार सरकण्याच्या त्याच सूत्रात आहे. ओल्या धावपट्टीवर 0.3 जी एवढंच मंदन मिळालं, तर 128 ऐवजी 64 किलो भार सरकतो. मागचं टोक पुरेसं हलकं होत नाही आणि गाडी वळायला नाखूष होते. कोरड्यात वळणाच्या तोंडाशी ब्रेक सोडला की काम भागत होतं, ओल्यात तो हलकेच वळणाच्या आतपर्यंत धरून ठेवावा लागतो, कधी हँडब्रेक ओढावा लागतो. झाडांच्या सावलीतला पट्टा ओला आणि उघड्यावरचं काँक्रीट वाळलेलं असेल, तर हा बदल दोन वळणांमधल्या चारपाच सेकंदांत करायचा असतो.