मौनाचा हक्क (भारत)

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण पोलीस ठाण्यातही मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात सांगितले. ओरिसाच्या या माजी मुख्यमंत्र्यांनी कटकच्या दक्षता पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे नाकारली, म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला होता. चालू प्रकरणापलीकडे दुसऱ्या गुन्ह्यात गोवू शकेल असा प्रश्नही नाकारता येतो, हा या निकालाचा सर्वांत मोलाचा भाग.

नकार मात्र नेमका हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १८० नुसार, गुन्ह्यात अडकवू शकणारे प्रश्न वगळता बाकीच्यांना खरी उत्तरे द्यावीच लागतात. त्यामुळे सरसकट गप्प बसण्यापेक्षा त्या-त्या प्रश्नाला ‘या उत्तराने माझ्यावर आरोप येऊ शकतो, म्हणून उत्तर देत नाही’ असे सांगावे आणि तसे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. खोट्या उत्तराला हे संरक्षण नाही. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेऊ नये, असे कलम १८१ सांगते. तरीही लवकर सुटका होईल या आशेने लोक सही करतात, कधी कोऱ्या कागदावरही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते (कलम ३८), पण वकील पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. मारहाण वा दबाव झाला असेल तर तो तिथेच, पहिल्याच वेळी सांगावा; उशिरा केलेल्या तक्रारीवर बचावासाठी रचलेली गोष्ट असा संशय घेतला जातो.

हक्काला मर्यादाही आहेत. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (१९६१) या खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने ‘साक्षी’तून वगळले, २०१९ मध्ये आवाजाच्या नमुन्यालाही तेच तत्त्व लागू झाले. नार्को (औषध देऊन बोलते करणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि मेंदूलहरींच्या चाचण्या मात्र संमतीशिवाय करता येत नाहीत (सेल्वी खटला, २०१०).

सर्वांत मोठी फट आर्थिक गुन्ह्यांच्या कायद्यात आहे. ईडीचे (अंमलबजावणी संचालनालय) अधिकारी पोलीस नाहीत, असे २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालाने ठरवले. त्यामुळे समन्सवर हजर झालेली व्यक्ती त्या वेळी औपचारिकरीत्या आरोपी नसेल, तर तिने दिलेला आणि सही केलेला जबाब पुढे तिच्याचविरुद्ध वापरता येतो.