कुटारातला पाला आणि गाईचा ढेकर

नागपूर जिल्ह्यात मौदा-रामटेककडे गव्हाणीत भाताची तणस पडते, उमरेड-भिवापूरकडे सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला काडीकचरा, काटोलकडे कडबा आणि तुरीचे कुटार. जनावर सगळेच खाते. पण खाल्लेल्यातून दूध किती उतरेल आणि हवेत मिथेन किती जाईल, हे त्या चाऱ्यात पाला किती आणि काडी किती यावर बरेचसे ठरते.

गाईच्या कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, चारा सूक्ष्मजीवांमुळे आंबतो. काडीतला तंतू फुटताना ॲसिटिक आम्ल बनते आणि हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबण्याची क्रियाच अडते. म्हणून आर्किया नावाचे सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचा मिथेन करतात. तो बहुतेक सगळा ढेकरातून, म्हणजे तोंडावाटे बाहेर पडतो, शेणावाटे नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. नुकसान गोठ्याचेही होते. दिवसाला 200 ग्रॅम मिथेन सोडणारी गाय सुमारे 11 मेगाज्यूल ऊर्जा गमावते. 4 टक्के फॅटच्या लिटरभर दुधात सुमारे 3 मेगाज्यूल असतात. वाचलेली सगळी ऊर्जा दुधात उतरत नाही हे खरे, तरी ही गळती लहान नाही.

लसूणघास, बरसीम, चवळी या द्विदल चाऱ्यात तंतू कमी आणि प्रथिने जास्त. चारा लवकर पचतो, पोटातून लवकर पुढे सरकतो, आणि आर्कियांना वेळ कमी मिळतो. सुबाभूळ, स्टायलो यांसारख्या काही द्विदलांत टॅनिन हे तुरट द्रव्यही असते. ते थेट आर्कियांना आवर घालते आणि प्रथिनाला बांधून ते कोठीपोटात वाया जाऊ देत नाही. पुढच्या आम्लधर्मी पोटात ती गाठ सुटते. मात्र टॅनिन आहाराच्या शुष्क, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागात 2 ते 4 टक्केच चांगले. 5-6 टक्क्यांवर गेले की जनावर तोंड फिरवते, पचनही मंदावते. लसूणघास आणि बरसीम यांत टॅनिन जवळजवळ नसते. त्यांचा फायदा पचनातून येतो.

आता कुटाराचे. सोयाबीन, तूर, हरभरा ही तिन्ही पिके द्विदल, पण कुटारे सारखी नाहीत. सोयाबीन पक्व होताना पाने गाळते, त्यामुळे मळणीनंतर उरतात त्या टणक काड्या आणि शेंगांची टरफले. द्विदल म्हणून ते तुरीच्या बरोबरीने मोजणे चूक आहे. तुरीच्या कुटारात सुकलेला पाला आणि शेंगांची फोलपटे असतात, हरभऱ्याच्याही. कुटार घेताना मूठभर उचलून काडी आणि पाला वेगळे करून बघा; भाव काडीचा द्यायचा की पाल्याचा, ते तिथेच कळते.

साधारण 350 किलोच्या, 8 लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला 10 किलोच्या आसपास शुष्क खाद्य लागते. एक चालणारा हिशेब असा: हिरवा मका 15 किलो, लसूणघास किंवा चवळी 10 किलो, कडबाकुट्टी व तुरीचे कुटार मिळून 3 किलो, सरकी ढेप आणि भरडा मिळून 3 किलो, खनिज मिश्रण 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. हिरव्या चाऱ्यात पाचात चार भाग पाणीच असते, म्हणून भारा मोठा दिसला तरी फसू नये. हा बदल 10 ते 15 दिवसांत हळूहळू करावा.

घाई केली तर पोटफुगी होते. कोवळी, दवाने ओली लसूणघास उपाशीपोटी दिली की तिच्यातले विरघळणारे प्रथिन फेस करते. वायू फेसात अडकतो, ढेकर निघत नाही, डावी कूस ढोलासारखी ताणते, आणि काही तासांत जनावर दगावू शकते. म्हणून आधी कडबा, मग तीन-चार तास सुकवलेला हिरवा चारा. कूस फुगली तर पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. ती शुष्क खाद्याच्या तिसऱ्या भागापेक्षा कमीच ठेवावी, आणि घोड्याला तर नकोच. द्विदल चारा हवा तेवढा देणेही बरे नाही. गरजेपेक्षा जास्त प्रथिन मूत्रातून युरिया होऊन जाते, आणि मातीत त्यातून नायट्रस ऑक्साइड बनू शकतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापदायक. मिथेनमध्ये कमावलेले तिथे हरवते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चांगल्या चाऱ्यावर गाय जास्त खाते, म्हणून तिचा रोजचा मिथेन घटेलच असे नाही. समजा 4 लिटरवरची गाय 160 ग्रॅम सोडते आणि चारा सुधारल्यावर 8 लिटर देऊन 200 ग्रॅम. लिटरमागे 40 ग्रॅमचे 25 झाले, पण गाईमागे वाढ झाली. गावाचा एकूण मिथेन कमी व्हायचा तर तेवढेच दूध कमी जनावरांकडून मिळायला हवे. भाकड काळ आणि पहिल्या वेताचे वय कमी करणे म्हणूनच चाऱ्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आणि उन्हाळा. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हिरवे फारसे मिळत नाही, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चची लसूणघास वाळवून ठेवावी लागते. इथेच सगळा पाला हातून जातो. उघड्या उन्हात पाने काडीच्या आधी वाळतात आणि दुपारी परतली की चुरा होऊन जमिनीवर पडतात. फुले यायला लागताच कापावे, सावलीत पातळ पसरावे, परतायचे ते सकाळी, पान अजून नरम असताना. ओलावा 15 टक्क्यांच्या खाली आल्यावरच गंजी रचावी. ओली रचली तर ती आतून तापते आणि बुरशी धरते. पारख सोपी: जुडी हातात पिळली की काडी कडकन मोडली पाहिजे, आणि पान तिला चिकटून राहिले पाहिजे.