चोर, दरोडेखोर आणि भामटा

घर बंद असताना कुणी कुलूप तोडून दागिने नेले, तरी बातमीत सर्रास ‘दरोडा’ छापून येतो. ती असते घरफोडी. मालकाच्या नकळत नेले तर चोरी, मारहाण करून किंवा धाक दाखवून नेले तर जबरी चोरी, आणि तेच काम पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले तर दरोडा. पाचाचा हा आकडा 1860च्या भारतीय दंडविधानातला. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो तसाच ठेवला आहे. एकटा माणूस कितीही क्रूर असो, कायद्याच्या भाषेत त्याला दरोडा घालता येत नाही.

नकळत आणि बळाने यांतला फरक मात्र इंग्रजांनी शिकवलेला नाही. धन्यासमक्ष जबरदस्तीने नेणे ते ‘साहस’, त्याच्यामागे नेणे ते ‘स्तेय’, असे मनुस्मृतीत स्पष्ट म्हटले आहे. पुढे ‘स्तेय’ बोलण्यातून गेले आणि ‘साहस’ चक्क कौतुकाचा शब्द झाला! ‘तस्कर’ म्हणजे संस्कृतात साधा चोर; आज आपण चोरटा माल ने-आण करणाऱ्यालाच तस्कर म्हणतो. ‘ठग’ची धार उलट बोथट झाली. वाटसरूंचा विश्वास मिळवून रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांमुळे एकोणिसाव्या शतकात हा शब्द इंग्रजीतही गेला. आता मराठीत ठग केवळ फसवतो.

या सगळ्या शब्दांना माणसाने काय केले, कसे केले, याचा आधार आहे. ‘भामटा’ आणि ‘उचल्या’ यांचे तसे नाही. ती समाजांचीही नावे आहेत. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवायची वाट उघडली. त्या नोंदीत ज्याचे नाव, त्याच्यावर हजेरीची सक्ती. मग त्याने काही चोरलेले असो वा नसो. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावे आजही आहेत. आणि शाळेत जातीचा दाखला घेऊन जाणाऱ्या मुलाच्या जातीचे नाव आपण ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ अशा मथळ्यात अजून बिनदिक्कत छापतो. तिथे ‘लबाड’ किंवा ‘फसवणूक करणारा’ लिहिले, तर अर्थ तसूभरही कमी होत नाही.