लाल होणं वेगळं, लाल होण्याची धास्ती वेगळी

वर्गात कुणाचा तरी डबा हरवला होता. "कोणी घेतला?" असं बाईंनी विचारताच माझी कानशिलं तापली. डबा मी घेतला नव्हता. तीस वर्षांनंतरही हे सांगावंसं वाटतं, यातच काय ते आलं.

कानशिलं तापली, तो शरीराचा कारभार. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या नसांचं एक जाळं, चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या सैल सोडते, कातडीखाली रक्त वाढतं आणि गाल, कान, मान गरम होतात. ठरवून हे आणता येत नाही नि थोपवताही येत नाही. भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२ सालच्या ग्रंथात डार्विननं याला सगळ्यांत खास मानवी भाव म्हटलंय. लाज, कौतुक, खोटा आळ, कशानंही लाली चढते आणि दोन-चार मिनिटांत उतरते. (लाली दिवसचे दिवस टिकत असेल तर ते प्रकरण त्वचेच्या डॉक्टरांचं.)

दुसऱ्या दिवसापासून मी बाई काही विचारायच्या आधीच घाबरू लागले, तो मात्र मनाचा कारभार. लाल होण्याच्या या धास्तीला एरिथ्रोफोबिया म्हणतात आणि तो सामाजिक भयगंडात मोजतात. इथे माणूस स्वतःच्याच गालांवर पहारा ठेवतो. केस कानांवर ओढायचे, खिडकीकडे पाठ करून बसायचं, भर डिसेंबरात "किती उकडतंय ना" म्हणायचं. लक्ष सगळं आत, त्यामुळे समोरच्याचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही.

गल्लत होते ती इथे. जो जास्त लाल होतो तोच जास्त घाबरतो, असं आपण धरून चालतो. पण गोरेपान, पटकन लालबुंद होणारे कितीतरी लोक निवांत असतात, तर सावळ्या कातडीवर लाली कुणाला दिसतही नाही, तरी आतून धास्ती पुरती छळते. आतून जाणवणारी आग बाहेरून दिसते त्याहून मोठी असते. आणि "अगं, लाल झालीस की!" एवढं कुणी म्हटलं तरी उरलासुरला गाल पेटतो. मावश्या हे प्रेमानं करतात, म्हणून रागावताही येत नाही.

जपानमध्ये या धास्तीला सेकिमेन-क्योफु असं स्वतंत्र नाव आहे. तिथल्या शोमा मोरिता या मानसोपचारतज्ज्ञाचं सांगणं असं, की लाली असू दे तिथे, तू हातातलं काम कर. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल याच्याही पुढे जात: जे होऊ नये म्हणून धडपडतोस, तेच मुद्दाम करून दाखव. दोघांनी लालीला हातच लावला नाही, तिच्यावरचा पहारा उठवला. याउलट छातीतली अनुकंपी नस कापायची शस्त्रक्रिया थेट लालीवर घाव घालते. ती कमी होते खरी, पण मग पाठ-पोट घामानं निथळू लागण्याचा धोका असतो. मला हा सौदा महाग वाटतो.

समुपदेशक बाईंनी मला सोपा गृहपाठ दिला होता: गालांवर लिपस्टिक चोळून किराणा आणायला जायचं. गेले. वाण्यानं साखर बांधली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सुटे पाच आहेत का?"